भाऊची सायकल दोनदा सुरू झाली

२४ जून २०२२, शुक्रवार, सकाळी आठ-पंचवीस. भाऊ गेटमधून आत आला तेव्हा त्याच्या फिकट निळ्या शर्टावर मागच्या बाजूला कमरेपासून थेट कॉलरपर्यंत चिखलाचा पट्टा उठलेला, एकदम सरळ, जसं कुणी ब्रशने ओढलाय. त्याला स्वतःला पत्ताच नाही. आणि त्या दिवशी कस्टमरचं ऑडिट. भाऊ क्वालिटीला, म्हणजे ऑडिटरच्या पुढे पुढे चालत लाइन दाखवणारा माणूस हाच, त्यामुळे ऑडिटर दिवसभर त्याच्या पाठीमागे आणि तो पट्टा ऑडिटरच्या नाकासमोर. दुपारी कँटीनमध्ये मीच सांगितलं त्याला. तो काही बोलला नाही, ताट ठेवलं आणि उठला. संध्याकाळी सायकल कंपनीतच सोडून रिक्षाने घरी गेला आणि सोमवारी ॲक्टिव्हा.

मी त्याच कंपनीत मेंटेनन्सला आहे. सातपूर एमआयडीसी, नाशिक. कंपनीचं नाव इथे नको. भाऊ हे त्याचं खरं नाव नाही, पण नाशकात अर्ध्या लोकांना भाऊच म्हणतात तेव्हा चालून जाईल. हे सगळं लिहायचं कारण असं की ही सायकल एकदा तीन आठवड्यांत बंद पडली आणि दुसऱ्यांदा वर्षभर चालली, माणूस तोच, रस्ता तोच आणि सायकलपण तीच. मधे काय बदललं ते मला जवळून बघायला मिळालं, थोडंफार माझ्या हातूनपण झालं.

आधी परिस्थिती सांगतो. भाऊ तेव्हा ४१ वर्षांचा, वजन ८४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.१, म्हणजे शुगर झालेली नाही पण दारात उभी आहे. राहतो इंदिरानगरला. हायवेखालच्या बोगद्यातून गोविंदनगर, मग सिटी सेंटर मॉलचा सिग्नल, तिथून त्र्यंबक रोड आणि सातपूर, एका बाजूने साडेआठ किलोमीटर. ॲक्टिव्हाला २५ मिनिटं, आणि बोगद्याशी तुंबलं तर ३५ सुद्धा. ज्यांनी तो बोगदा सकाळी साडेसातनंतर बघितलाय त्यांना सांगायला नको. नाशिकचा उतार साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, त्यामुळे सातपूरला जाताना हलकीशी चढण लागते, गाडीवर ती कळतच नाही, सायकलवर पायाला बरोबर कळते. त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे सकाळी थेट तोंडावर. येताना मात्र उतारही आपला आणि वाराही आपला. म्हणजे जेव्हा फ्रेश दिसायचंय तेव्हा त्रास आणि जेव्हा घरी जाऊन लोळायचंय तेव्हा मजा, असा उलटा हिशोब आहे.

पहिली सुरुवात झाली ३ जूनला, जागतिक सायकल दिन म्हणून. हा दिवस युनोने २०१८ ला जाहीर केला, कुणी ठरवला माहीत नाही पण त्याने महाराष्ट्रातला पाऊस बघितलेला नसणार, कारण दहा-बारा दिवसांत आपल्याकडे चिखल सुरू. एचआरने गेटवर फोटो काढला, भाऊच्या हातात बॅनरचं एक टोक. सायकल नवी, साडेअकरा हजाराची, २६ इंची चाकं, जाड गोट्यागोट्यांचे टायर, पुढे सस्पेन्शन, २१ गियर, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँडपण नाही. दुकानदार म्हणाला होता दणकट आहे. दणकट होतीच, उचलून बघितली तर अठरा किलोच्या आसपास.

नाशिकमध्ये सायकलचं वेड आहे हे खरं आहे. २०१५ ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी दोघांची टीम करून अमेरिकेतली रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, त्यानंतर तर रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला हेल्मेट आणि रंगीत जर्सीच जर्सी. भाऊपण त्यातले दोन-तीन व्हिडिओ बघूनच तयार झालेला. पण रविवारची सायकल आणि सोमवारची सायकल ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रविवारी घाम आला की फोटो काढतात, सोमवारी घाम आला की मीटिंगमध्ये शेजारची खुर्ची रिकामी राहते.

त्या तीन आठवड्यांत त्याचं काय काय चुकत होतं हे तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नाही, सगळे म्हणायचे वय झालं, पोट आहे, सवय नाही. त्याला ४८ ते ५० मिनिटं लागायची, गुडघे पुढच्या बाजूने दुखायचे. पोचायचा आठ-वीसला, साडेआठची शिफ्ट, सॅक पाठीला म्हणून पाठ पूर्ण ओली, घाई म्हणून शेवटच्या किलोमीटरला सगळ्यात जोरात. आणि घामाचं एक आहे, चालू सायकलवर वारा लागतो तोवर तो कळत नाही, थांबलात की पाच मिनिटांत फुटतो. म्हणजे पंच करून जागेवर बसलं की खरा कार्यक्रम सुरू. एकदा सॅक आडवी झाली आणि डब्यातली आमटी लॅपटॉपच्या चार्जरवर सांडली, चार्जर वाचला पण ऑफिसात तीन दिवस गोडा मसाला.

आणि पार्किंग. स्टाफच्या गाड्यांची शेड गेटच्या लगेच आत, पत्रा वगैरे टाकलेली. तिथे सायकल लावली तर सिक्युरिटीवाला म्हणाला सर, सायकली मागे, स्क्रॅप यार्डला. बरोबर होतं त्याचं, नियम तसाच होता. स्क्रॅप यार्डच्या भिंतीला टेकवून चाळीसेक सायकली उभ्या असतात, सगळ्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांच्या आणि जुन्या कामगारांच्या, वर छप्पर नाही, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. भाऊला तिथे सायकल लावायला कसंतरी व्हायचं. तो हे कधी बोलला नाही पण मला दिसत होतं, तो लावायचा आणि इकडेतिकडे बघत पटकन निघायचा. मग पाऊस आला, मडगार्ड नव्हतं, बाकी वर सांगितलंच.

सायकल चार महिने तिथेच पडून राहिली. चेन लाल झाली. दिवाळीच्या आधी यार्ड साफ करायला घेतलं तेव्हा मी भाऊला बोलावलं की बाबा ही तुझी वस्तू घेऊन जा नाहीतर वजनावर जाईल. तो आला, तेवढ्यात आमचे एक काका तिथे होते, हीट ट्रीटमेंटला हेल्पर, पंचवीसएक वर्षं झाली त्यांना, काळी २२ इंची डबल नळीची सायकल, अंबडच्या पुढून यायचे. भाऊ सायकलवर बसला, दोन पायडल मारले, आणि काका नुसते बघत होते. मग म्हणाले,

"साहेब, राग नका मानू, पण तुम्ही सायकल नाही चालवत, तुम्ही उकिडवे बसलेत."

भाऊ हसला. काकांनी त्याला उतरवलं, माझ्याकडून बारा-तेराचा पाना मागितला, सीटचा नट ढिला केला आणि सीट चार बोटं वर घेतली. म्हणाले आता बसा, भिंतीला हात लावा, पायडल एकदम खाली घ्या आणि टाच ठेवा त्याच्यावर. गुडघा सरळ झाला पाहिजे. टाचेने सरळ झाला की चवड्याने चालवताना बरोबर थोडा वाकलेला राहतो. भाऊचं म्हणणं पाय जमिनीला पुरत नाहीत, तर काका म्हणाले सिग्नलला उतरायचं साहेब, बसून कशाला राहायचं. एवढंच. त्याने यार्डात एक चक्कर मारली आणि परत आला तेव्हा चेहरा असा की याच्यासाठी आपण गुडघ्याला मलम लावलं का.

हे मला अजून खटकतं. भाऊने यूट्यूबवर कमीतकमी वीस तास घातले असतील, कार्बन फ्रेम काय, क्लीट काय, आणि रोज सायकलने येणारी चाळीस माणसं आमच्याच भिंतीआड, त्यांना आमच्यातल्या एकानेही कधी काही विचारलं नाही. मीपण नाही.

काकांनी टायर दाबून बघितला, म्हणाले हे शेतात चालवायचे. डांबरावर गोट्यांचे टायर नुसते घासतात, आवाज येतो ना भुर्र, तो आवाज म्हणजे तुमचा दम. मग सातपूरलाच एका सायकलवाल्याकडे जाऊन तीच चाकं ठेवून १.७५ इंच रुंदीचे गुळगुळीत टायर टाकले, दोन्ही मिळून १५००. मडगार्ड आणि कॅरियर ९००. पुढचा-मागचा लाइट ३५०. हवा मारायचा पंप, उभा, पायाखाली धरायचा, ४५०. टायरच्या कडेला किती हवा मारायची ते लिहिलेलं असतं, भाऊने ५० पीएसआय धरली आणि दर सोमवारी बघायची असं ठरवलं. गियरचं काकांना काही माहीत नव्हतं, ते दुकानदाराने सांगितलं की पुढचं मोठं चाक विसरून जा, मधल्यावर ठेवा आणि पाय पटापट फिरतील एवढाच भार घ्या. भाऊ आधी बुलेटसारखा जड गियर टाकून एकेक पायडल दाबत यायचा, गुडघे त्यामुळेपण गेले होते.

पण खरी अडचण रस्त्यावर नव्हती, गेटच्या आत होती. ओला माणूस साडेआठला कोरडा कसा करायचा? इथे मी थोडा कामाला आलो. आमच्याकडे वर्कर्सची चेंजिंग रूम आहे, दोन शॉवर, लॉकर, दोऱ्या बांधलेल्या. तेव्हा लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट १९४८ मध्ये कलम ४२ धुण्याच्या सोयीबद्दल आणि ४३ कपडे ठेवण्या-वाळवण्याबद्दल होतं, ऑडिटला ही यादी भरूनच मी म्हातारा झालो, त्यामुळे पाठ आहे. सोय सगळी होती. फक्त स्टाफचा माणूस तिथे जात नाही, कुणी मनाई केलेली नाही, जात नाही इतकंच. मी म्हटलं भाऊ, तुला शॉवर पाहिजे की वेगळा शॉवर पाहिजे ते ठरव. दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, लॉकर नंबर किती रिकामा आहे?

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार, दुसरी सुरुवात. यावेळी बॅनर नाही, कुणाला सांगितलंपण नाही. पद्धत अशी बसली की रविवारी ॲक्टिव्हावर येऊन किंवा सोमवारी एकदाच तीन शर्ट आणि एक पँट लॉकरला टाकायची, डबा आणि लॅपटॉप कॅरियरच्या क्रेटमध्ये, पाठीवर काहीच नाही. निघायचं सात-पंचवीसला. बोगद्याशी तुंबलेलं असलं तर उतरून कडेने चालत, तीन मिनिटांत पलीकडे. उंटवाडीकडे नासर्डीच्या पुलाशी उतार मिळतो तो फुकटचा म्हणून घ्यायचा, जोर नाही करायचा. पपया नर्सरीपासून पुढे मुद्दाम हळू, अगदी पायी चालणारा पुढे जाईल एवढं, म्हणजे अंग निवतं. आत आल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बनियनवर, मग ओला नॅपकिन, मग शर्ट. थंडीत तर शॉवर लागलाच नाही. पहिल्या आठवड्यात ४१ मिनिटं, जानेवारीत ३५-३६ वर आला आणि तिथेच थांबला. तुंबलेल्या दिवशी ॲक्टिव्हाएवढाच.

डिसेंबरात नाशिकची थंडी म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही, पण हातमोजे घेतले नाहीत तर ब्रेक दाबायला बोटं ऐकत नाहीत हे त्याला एका सकाळी सिटी सेंटरच्या सिग्नलला समजलं. कुत्री संध्याकाळी, सातपूर सोडताना, एकच टोळी. जोरात पळवायची नाही, उतरायचं, सायकल मधे घ्यायची आणि चालायचं. कुत्र्यांना फिरत्या पायाचं काय असतं देव जाणे.

पंक्चर वर्षात पाच झाले आणि पाचही एमआयडीसीच्या आत. कारण काय तर लोखंडाची चिप. लेथवर टर्निंगच्या कामात जी कुरळी चिप निघते ती स्क्रॅपच्या ट्रॉलीतून रस्त्यावर सांडत जाते, आमच्याच कंपन्यांची आमच्याच टायरात. पहिलं पंक्चर काढायला भाऊ मेंटेनन्सला आला. ट्यूब काढली, कूलंटच्या रिकाम्या टबात पाणी घेतलं, दाबत दाबत फिरवली, बुडबुडा दिसला तिथे बॉलपेनने गोल केला, काचपेपर, सोल्यूशन, पाच मिनिटं वाळू दिलं, चिकटवलं, झालं. आणि गेटपर्यंत गेला तर परत फुस्स. तेव्हा काका म्हणाले ट्यूब बघितली, टायर कोण बघणार? टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, कारण ते कापतं. आत खरंच केसाएवढी बारीक निळसर चिप, एक आटा घेतलेली, बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. ती भाऊने कागदाच्या पुडीत ठेवली, अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, रिजेक्शनच्या सॅम्पलच्या शेजारी.

पावसाळ्यात मात्र मोठ्या गप्पा मारायचं कारण नाही. जून ते सप्टेंबर तो ३८ दिवस आला फक्त. रेनकोट घातला तर आतून घाम, नाही घातला तर वरून पाणी, ओलं व्हायचं ते होतंच. तो शेवटी हाफ पँट, चपला आणि नुसतं वरचं जॅकेट यावर आला, बाकी कपडे लॉकरला कोरडे आहेतच. पहिल्या पावसात सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाक सरकतं, त्या रंगावर पाणी म्हणजे साबण, एकदा कोपर सोललं त्याचं. आणि साचलेल्या पाण्यातून जायचं नाही, खाली खड्डा आहे की जाळी आहे ते वरून कळत नाही. त्या दिवशी गाडी काढायची, यात काही हरल्यासारखं नाही असं तो स्वतःच म्हणायला लागला, आणि मला वाटतं वर्षभर टिकला तो याच्यामुळे. पहिल्या वेळी त्याने रोज म्हणजे रोज असं ठरवलेलं, मग एक दिवस मोडला की सगळंच मोडलं.

वर्षाचा हिशोब त्याने एक्सेलला ठेवलाय, क्वालिटीवाला आहे शेवटी. ७ नोव्हेंबर ते ६ नोव्हेंबर, १७१ दिवस सायकल, रोजचे १७ किलोमीटर धरून २९०० च्या आसपास. ॲक्टिव्हा ४५ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०६ रुपयांच्या आसपास होतं, म्हणजे वाचले साधारण ६८५०. खर्च वर सांगितलेला, अधिक पंक्चर-ट्यूबचे ५००, चेन आणि ब्रेक पॅडचे ९००, सगळा मिळून ४६००. उरले सव्वादोन हजार, आणि शनिवारी येताना जी मिसळ व्हायची ती धरली तर मला वाटतं भाऊ तोट्यात आहे. सायकलने पैसे वाचतात असं कुणी सांगायला लागलं की मी हे एक्सेल पाठवतो. वजन ८४ चं ८१ झालं. एचबीएवनसी ५.८, पण त्याच वर्षी त्याने चहातली साखरपण बंद केली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या कुणाचं श्रेय कुणाला ते मला विचारू नका.

स्टँडचं सांगायचं राहिलं. मार्चमध्ये प्लांट हेड राउंडला असताना त्यांना भाऊची सायकल मागे दिसली, म्हणाले अरे तू पुढच्या शेडमध्ये लाव ना, मी सिक्युरिटीला सांगतो. भाऊ म्हणाला सर, पुढे एक सायकल लावण्यापेक्षा मागे पत्रा टाकता येईल का? हे त्याने सरळ मनाने म्हटलं की त्याला आता पुढे एकट्याने लावायची लाज वाटत होती, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मंजुरीला दोन महिने गेले. मग आम्हीच, जुनं पत्र्याचं छप्पर डिस्पॅचचं निघालेलं होतं ते, आणि दीड इंची पाइप वाकवून चाकं अडकवायच्या कमानी, वेल्डिंग आमच्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत केलं. सीटवरच्या पिशव्या गेल्या. उभा पंप तारेने कमानीला बांधलाय आणि त्याच्यावर ऑइलपेंटने लिहिलंय, हवा मारा, पंप नेऊ नका.

एक प्रश्न सुटलेला नाही. अकाउंट्सच्या दोन मॅडमनी विचारलं होतं, त्यातल्या एक महिनाभर आल्यापण. लेडीज चेंजिंग रूमला शॉवर नाही, तो करता येईल, पण हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधार पडायला येतो आणि हायवेच्या सर्व्हिस रोडला उलट्या बाजूने गाड्या येतात, त्याला माझ्या पान्याने काही होत नाही. स्मार्ट रोडला सायकल ट्रॅक आहे, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, १.१ किलोमीटर, पण आमच्याकडच्या कुणाच्या वाटेत तो येत नाही. त्या परत स्कूटीवर यायला लागल्या.

आणि काका. नंतरच्या एका दिवाळीत त्यांच्या मुलाने त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. पहिल्या दिवशी ते ती घेऊन सवयीने मागे स्टँडलाच आले, सिक्युरिटीवाला मागून पळत आला की काका, गाडी पुढच्या शेडला लागते आता. भाऊ तिथेच कुलूप लावत होता. म्हणाला काका, मला चढवलंत आणि तुम्ही उतरलात होय. काका म्हणाले, "साहेब, तुम्हाला हौस आहे, मला सत्तावीस वर्षं झाली," आणि स्कूटर वळवून पुढे गेले.